ट्रकमधलं घर



परदेशात म्हणे लोक घरासारखी गाडी घेऊन महिना महिना हिंडतात. गाडीतच पलंग, गाडीतच ओटा, गाडीतच मोरी. आपल्या सरकारनंही २०२१ साली अशा गाड्यांच्या पर्यटनाचं धोरण काढलं, कॅराव्हॅन म्हणतात त्यांना. हे ऐकून आमच्या दिंडीतल्या बायका हसल्या. ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबारायांची पालखी देहूतून निघते, तिथपासून पंढरपुरापर्यंत आमचा संसार एका ट्रकवरच असतो. त्यांचं घर त्यांना घेऊन चालतं. आमचं घर पुढं जातं आणि आम्ही मागून पायी येतो.

तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली हा पालखी सोहळा सुरू केला. तेव्हा ट्रक कुठला! शिदोरी डोक्यावर नाहीतर बैलाच्या पाठीवर. आता दिंडी म्हटली की ट्रक आलाच, पाण्याचा टँकर आला. २०२० आणि २०२१ साली करोनामुळे पायी वारी झाली नाही, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. त्या दोन वर्षी आम्ही घरात बसून होतो, आणि खरं सांगतो, घर असून घर नसल्यासारखं वाटत होतं.

आमच्या दिंडीत सव्वाशे माणसं. भिशी भरली की वळकटी आणि पिशवी ट्रकवर टाकायची. पिशव्या सगळ्या एकाच रंगाच्या, एकाच बाजारातल्या. म्हणून प्रत्येकीनं आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी बंदाला बांधलेली असते. अंधारात हात लावला तरी आपली पिशवी कळते. ट्रक भरायचीही रीत आहे. जे सगळ्यात आधी लागणार, ते सगळ्यात शेवटी चढवायचं. तळाशी ज्वारी-गव्हाच्या पिठाची पोती, डाळी, पत्र्याच्या पेट्या. त्यावर वळकट्या. मग तंबू, बांबू, खुंट्या. आणि अगदी फाळक्याजवळ शेगडी, चहाचं पातेलं, साखरेचा डबा. मुक्कामावर फाळका खाली पडला की पहिला चहा आणि मग बाकीचं जग. एकदा नव्या पोरांनी हौसेनं ट्रक भरला आणि शेगडी गेली पोत्यांच्या मागं. त्या दिवशी चहाला रात्रीचे आठ वाजले.

रात्री तंबूत फोन चार्जिंगला लागतात. एका बोर्डावर पंधरा-वीस वायरी, सापांचं वारूळ नुसतं. सकाळी ओल्या साड्या ट्रकच्या कडेच्या दोरीला बांधून देतो. आम्ही दुपारी पोचेपर्यंत वाऱ्यानं खडखडीत वाळलेल्या. पाऊस आला तर दुप्पट ओल्या.

आमची मंडळी बारामती तालुक्यातल्याच गावांची. त्यामुळे पालखी उंडवडीहून बारामतीत आली की आमची एक वेगळीच परीक्षा सुरू होते. शारदा प्रांगणात पालखी विसावते, आमचा तंबू गावाच्या एका कडेला पडतो, आणि आपलं खरं घर तिथून रिक्षाच्या अंतरावर. तरी जायचं नाही, असा आमचा आपसातला नेम आहे. त्यात सोवळ्याओवळ्याचं काही नाही. घरात पाऊल टाकलं की घर धरून ठेवतं. दळण संपलेलं दिसतं, म्हशीला चारा घातलेला नसतो, नातवाला ताप असतो. दोन वर्षांमागं एकजण फक्त औषधाची डबी आणायला गेली ती थेट पुढच्या आषाढातच दिंडीत दिसली. म्हणून घरच्यांनीच ट्रकपाशी यायचं. सुना येतात, शेंगदाण्याची चटणी आणतात. नातवंडं फाळक्यावर पाय सोडून बसतात आणि विचारतात, आजी, तू इथंच राहतेस का आता?

दुसऱ्या दिवशी काटेवाडीत परीट मंडळी पालखीपुढं धोतराच्या पायघड्या घालतात, धनगर मंडळींची मेंढरं रथाभोवती फेरी धरतात. मग सणसरचा मुक्काम. आणि त्याच्या पुढच्या सकाळी बेलवाडीला पहिलं गोल रिंगण.

इथंच आमचं खरं दुखणं होतं. पालखी निघायच्या आधी, रस्ता मोकळा असतानाच ट्रक पुढं काढावा लागतो. ट्रकबरोबर स्वयंपाकाच्या बायका जाणार. म्हणजे झेंडेकरी धावले, तुळस डोक्यावर घेऊन बायका धावल्या, विणेकरी धावले, अश्व दौडले, आणि आमच्यातल्या आठजणी निमगाव केतकीच्या रस्त्यावर कांदे चिरत बसलेल्या. वर्षानुवर्षं त्याच आठजणी. हाताला चव आहे, म्हणून त्याच. भिशी मात्र सगळ्यांएवढीच भरलेली. त्यातल्या एकीनं बावीस वाऱ्या केल्या होत्या आणि बेलवाडीचं रिंगण फक्त टीव्हीवर पाहिलं होतं.

आम्ही हा विषय दिंडीच्या बैठकीत काढला. लगेच कुणी म्हणालं, सेवा हीच भक्ती. आम्ही म्हटलं, बरोबर, मग ती भक्ती एक दिवस पुरुषांनीही करावी. बराच वेळ कुणी बोलेना. शेवटी विणेकरी बाबाच म्हणाले, बेलवाडीच्या दिवशी ट्रकवर गडीमाणसं जातील. चिठ्ठ्या टाकून आठ जण ठरले. पहिल्या वर्षी पिठल्यात गुठळ्या, भाकरी बोटभर जाड आणि मधे कच्ची. सव्वाशे माणसांनी मुकाट्यानं खाल्ली. बावीस वाऱ्यांवाल्या मावशी त्या दिवशी तुळस घेऊन धावल्या, चप्पल कुठं गेली ते त्यांना अजून आठवत नाही.

बाकीच्या दिवसांचं अजून तसंच आहे, लपवून काय करायचं! आता रोजच्या कामाला आम्ही बायका आपसात नंबर लावतो, एवढंच. इंदापूरला दुसरं गोल रिंगण होतं, पण ते मुक्कामाच्याच गावात. आमटी उकळायला ठेवून, शेगडी बारीक करून पळत जाऊन बघून येता येतं.

रस्त्याचंही सांगायला हवं. पाटस, बारामती, इंदापूर, अकलूज हा आता पालखी महामार्ग झाला. रुंद, सपाट, खड्डा नाही. पण रुंदीकरणात कडेची जुनी झाडं गेली. पूर्वी आम्ही पुढच्या झाडापर्यंतचं अंतर बघून चालायचो. आता दुपारच्या विसाव्याला ट्रकच्याच सावलीत बसतो, ऊन सरकलं की आम्हीही सरकतो. डांबरावर पाय पोळतात ते वेगळंच. निमगाव केतकीचे पानमळे दिसले की जीव थंड होतो, एवढा हिरवा काळोख दुसरीकडं कुठं मिळत नाही.

सराटीला नीरेच्या काठी पुणे जिल्हा संपतो. सकाळी पादुकांना नीरास्नान, आणि पलीकडं अकलूज. तिथून पुढं आमचं कुणी ओळखीचं भेटत नाही. म्हणून तुम्हा बारामती-इंदापूरच्या मैत्रिणींना आत्ताच सांगतो.

तुम्ही रस्त्यावर उभ्या राहून केळी देता, चहा देता, बिस्किटं देता. देवानं भरभरून दिलंय तुम्हाला. पण बिस्किटं आमच्या पिशवीत पंढरपूरपर्यंत पुरतात. अडतं ते अंघोळीला. मुक्कामावर आता फिरती शौचालयं रांगेनं उभी असतात, त्याचा मोठा आधार झाला. अंघोळ मात्र पहाटे तीनला टँकरच्या नळाखाली, दोघींनी साडी धरायची आणि तिसरीनं उरकायचं. वाटेत पाळी आली म्हणून आमच्यात कुणी परत फिरत नाही, पण कपडा बदलायला आडोसा तर हवा. सणसरला एका घरातल्या सासू-सुनांनी गेल्या वर्षी पहाटे दार उघडं ठेवलं होतं. न्हाणीघरात दोन बादल्या कढत पाणी, खुंटीवर कोरडा पंचा. आमच्या वीसजणी तिथं न्हाल्या. वारीभर त्या घराचं नाव निघत होतं.

तुमचं घर पालखीच्या वाटेवर असेल तर यंदा तेवढं करा. पहाटे दाराबाहेर दिवा लावून ठेवा, म्हणजे आम्हाला कळेल. आणि न्हाणीघराची कडी आतून नीट लागते ना, ते आधी बघून ठेवा.