नऊ नंबरचा माइक



अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात रॉयल नावाचा एक स्टुडिओ आहे. मूळचं ते सिनेमाचं थिएटर. खुर्च्या गेल्या, पण पडद्याकडे उतरत जाणारी जमीन तशीच राहिली, आणि त्या उतारावरच वादक आपली वाद्यं मांडू लागले. तिथल्या एका मायक्रोफोनवर नऊ हा आकडा होता. त्या माइकसमोर उभं राहून अल ग्रीन गायचे.

प्रेमगीतांनी सारी अमेरिका वेडी केलेला हा गायक ऐन तिशीत चर्चचा पाद्री झाला. त्याची हकिकत मला आज सांगायची आहे.

ग्रीन यांचा जन्म १९४६ सालचा, आर्कान्सा राज्यातल्या फॉरेस्ट सिटीचा. वडील दुसऱ्याची जमीन वाट्यानं कसायचे. घरात दहा भावंडं, त्यांत हे सहावे. भावाभावांनी मिळून देवाची गाणी म्हणायचं पथक काढलं होतं, आणि लहानगा अल त्यात गायचा. पुढे कुटुंब मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सला गेलं. वडिलांचा दंडक एकच होता : घरात देवाखेरीज दुसरं गाणं वाजता कामा नये. मुलाचा जीव मात्र प्रेमगीतं गाणाऱ्या जॅकी विल्सनच्या तबकड्यांवर जडला होता. त्या ऐकताना तो सापडला आणि वडिलांनी त्याला घराबाहेर काढलं. विशीही न गाठलेल्या पोराला एका गाण्यापायी घर सोडावं लागलं. ही गोष्ट मला त्यांच्या पुढच्या सगळ्या आयुष्यात ऐकू येत राहते.

खरं म्हणजे जॅकी विल्सन जे गात होता, त्याचा उगम चर्चमध्येच होता. एका अक्षरावर स्वरांची लड उलगडणं, मध्येच हुंकार देणं, गाणाऱ्यानं साद घालावी आणि समोरच्यांनी ओ द्यावी, कीर्तनकारानं चरण सोडावा आणि टाळकऱ्यांनी उचलावा तशी : हे सगळं काळ्या अमेरिकी लोकांच्या प्रार्थनेतलं. गायक रे चार्ल्स यांनी १९५४ मध्ये ते उचलून प्रियेच्या गाण्यात आणलं. सॅम कुक १९५७ मध्ये भक्तिगीतांचं नावाजलेलं पथक सोडून त्याच वाटेनं गेले. यालाच पुढे सोल म्हणजे आत्मा हे नाव मिळालं. देवळातून बाजारात जाणारी वाट चांगली मळलेली होती. ग्रीन त्या वाटेनं गेले, आणि परतही आले.

साठच्या दशकाच्या अखेरीस टेक्सासमधल्या मिडलंड गावी त्यांची गाठ विली मिचेल यांच्याशी पडली. मिचेल ट्रम्पेटवादक आणि हाय रेकॉर्ड्स या तबकड्यांच्या कंपनीचे निर्माते. त्यांनी या मुलाला मेम्फिसला आणलं. ग्रीन यांना जोरात, छाती फोडून गायची हौस होती. मिचेल म्हणायचे, हळू गा. कुणासारखंही गाऊ नकोस, तुझं तू गा. ग्रीन यांना ते पटेना, असं गाणं त्यांना मिळमिळीत वाटे. अखेर ऐकलं. त्यातून ‘लेट्स स्टे टुगेदर’ निघालं आणि १९७२ च्या फेब्रुवारीत बिलबोर्डच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. हॉजेस बंधूंची गिटार, बास आणि ऑर्गन, खाली जड पावलानं चालणारा ड्रम, आणि वर हा आवाज. कडव्याच्या शेवटी तो अलगद वरच्या पट्टीत निसटतो, तिथे शब्द संपतात आणि नुसता श्वास उरतो. जवळ बसून कुणी कानात बोलावं तसं.

आता वळणाकडे येते. १९७४ मध्ये त्यांच्या मेम्फिसच्या घरी एक भयंकर प्रसंग घडला. त्यांच्यावर जीव असलेल्या एका स्त्रीनं, ते न्हाणीघरात असताना, मक्याच्या कण्यांची उकळती पेज त्यांच्या अंगावर ओतली आणि लगेच स्वतःचा जीव घेतला. ग्रीन यांना इस्पितळात राहावं लागलं. या घटनेनं घाबरून ते देवाकडे वळले, असं सर्रास सांगितलं जातं. त्या दुर्दैवी बाईच्या मरणाला असं कथेतलं निमित्त करून टाकणं मला फार खटकतं. शिवाय ते खरंही नाही. ग्रीन स्वतः सांगतात ते १९७३ सालचं. कॅलिफोर्नियात कार्यक्रम झाला, हॉटेलात झोपले, आणि रात्र सरता सरता जागे झाले ते देवाचं नाव घेतच. त्यानंतरही ते बरीच वर्षं प्रेमगीतं गात राहिले. १९७६ च्या अखेरीस त्यांनी मेम्फिसमध्ये फुल गॉस्पेल टॅबरनॅकल हे चर्च उघडलं, एल्विस प्रेस्लीच्या ग्रेसलँड या बंगल्यापासून थोड्याच अंतरावर. रविवारी प्रवचन आणि एरवी मैफली, असं चाललं होतं. १९७९ मध्ये सिनसिनाटीला रंगमंचावरून ते पडले, तेव्हा हा इशारा समजून त्यांनी प्रेमगीतं थांबवली.

या ओढाताणीच्या काळातलं ‘द बेल अल्बम’ मला त्यांचं सगळ्यात प्रामाणिक काम वाटतं. साल १९७७. मिचेल सोबत नव्हते, निर्मिती स्वतः ग्रीन यांची, आणि काही ठिकाणी गिटारही त्यांचीच. ‘बेल’ या गाण्यात ते एका स्त्रीची समजूत काढतात. तिच्यावरचं प्रेम ते नाकारत नाहीत, पण देवाची ओढ त्याहून मोठी आहे, हे तिला सांगतात. आणि सांगतात ते मिचेलनं शिकवलेल्या त्याच हळू आवाजात! वडिलांनी दोन गाण्यांमध्ये भिंत घातली होती, तिला इथे दार पडलेलं ऐकू येतं.

पहिला ग्रॅमी पुरस्कार त्यांना मिळाला तो भक्तिगीतांसाठी. ‘लेट्स स्टे टुगेदर’च्या काळात एकही मिळाला नव्हता. १९८५ मध्ये मिचेल पुन्हा त्यांच्या भक्तिगीतांसाठी आले. नंतर हळूहळू ग्रीन प्रेमगीतांकडेही परतले, चर्च न सोडता. २००३ मध्ये ‘आय कान्ट स्टॉप’ या अल्बमसाठी दोघं पुन्हा रॉयलमध्ये उतरले. दोघांची वयं झाली होती. मिचेल काचेपलीकडे बसले, ग्रीन उतरत्या जमिनीवर उभे राहिले. समोर नऊ नंबरचा माइक होता.