पंख्यांचा कारभार बोटाच्या टोकावर



टेबलावरचा संगणक तापला, की त्याचे पंखे घरघरू लागतात;
आणि रात्रीच्या निवांत वेळी ती घरघर ज्यांना असह्य होते,
त्यांच्यासाठी टचस्क्रीनचा पंखा-नियंत्रक ही मोठी सोय आहे.

एनझेडएक्सटी कंपनीचा ‘सेन्ट्री टू’ हा त्यांपैकीच एक.
पूर्वी जेथे सीडी ड्राइव्ह बसे, त्याच खणात हा बसतो.
पंख्यांच्या वायरी त्याला जोडायच्या,
आणि पडद्यावर बोट ठेवून वेग कमीजास्त करायचा.
पूर्ण वेगाला पंख्यास १२ व्होल्ट लागतात. नियंत्रक तो दाब उतरवतो.
फार उतरवला, तर काही पंखे मुळी सुरूच होत नाहीत!

आता मुद्द्याची गोष्ट.
नियंत्रकासोबत तापमान मोजणारे बारीक सेन्सर येतात.
सेन्सर जेथे चिकटवाल, तेथलेच तापमान पडद्यावर दिसते.
प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्या मध्ये तो सरकवण्याचा मोह कटाक्षाने टाळावा,
कारण त्यामुळे दोहोंत फट पडून उष्णतेच्या वहनास अडथळा होतो.
तो हीटसिंकच्या बुडाशी, कडेला लावावा.
अर्थात, प्रोसेसरच्या गाभ्यातील उष्णता पडद्यावरच्या आकड्याहून अधिक असते.
पुन्हा सांगतो: सेन्सर जेथे, तेथलेच तापमान.

प्रोसेसरचा पंखा मात्र मदरबोर्डच्याच अखत्यारीत ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.
तो तेथून काढला, तर संगणक सुरू होतानाच पंखा नसल्याची तक्रार करू शकतो.
कॅबिनेटचे पंखे तेवढे नियंत्रकाच्या हवाली करावेत.

आणि हे काम हाती घेण्यापूर्वी,
संगणक बंद करून त्याचा प्लग अवश्य काढून ठेवा.