लोहाचे माप



वसमत, कळमनुरी, औंढा भागात आपण हळद लावतो. हळदीला खत लागते. कमी पडले तर पाने पिवळी पडतात. फार झाले तर मुळ्या जळतात. शरीरातल्या लोहाचेही तसेच आहे, बरं का!

लोहाने रक्त तयार होते. मूत्रपिंड, म्हणजे किडनी, निकामी झाली की यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावे लागते. त्याला डायलिसिस म्हणतात. एका खेपेला सुमारे ४ तास लागतात. दर खेपेला थोडे रक्त नळ्यांत राहते. त्याबरोबर लोहही जाते. मग अंगात रक्त कमी होते. रोगी थकतो. चालताना दम लागतो.

शेजारी सांगतात, "गूळ-शेंगदाणे खाऊ घाला." थांबा! शेंगदाण्यातले काही क्षार या रोग्याला बाहेर टाकता येत नाहीत. लोहाच्या गोळ्याही त्याच्या अंगी नीट लागत नाहीत. म्हणून लोह शिरेतून देतात.

"लोखंड थेट रक्तात? माणूस दगावेल की!" असे कुणी म्हणते. ही भीती अगदीच खोटी नाही. जुन्या काही औषधांनी कधी कधी जोराची ॲलर्जी होई. आताच्या औषधांनी ती क्वचित होते. पण होऊ शकते.

मग लोह द्यावे की नाही? ब्रिटनमध्ये २,१४१ रोग्यांवर हे तपासले. २०१९ साली निकाल छापून आला. काहींना दर महिन्याला भरपूर लोह दिले. काहींना कमी पडेल तेव्हाच दिले. भरपूर लोह मिळालेल्यांत मृत्यू आणि हृदयाची मोठी दुखणी मिळून कमी निघाली. जंतूंचे आजारही वाढले नाहीत. पण तिथे रक्त वरचेवर तपासत. लोह हद्दीबाहेर गेले की सुई थांबवत.

तेव्हा चार गोष्टी ध्यानात ठेवा.

१. ही सुई दवाखान्यातच घ्या. नंतर अर्धा तास तिथेच थांबा.

२. मागे कोणत्या औषधाने त्रास झाला असेल, किंवा आज ताप असेल, तर आधीच सांगा.

३. सुई चालू असताना खाज, चक्कर, दम किंवा छातीत आवळल्यासारखे वाटले, तर लाजू नका. लगेच हाक मारा.

४. रक्त तपासल्याशिवाय "आणखी एक द्या" म्हणू नका.

भिऊन सुई नाकारू नका. हौसेने मागूही नका. खताचे माप शेतकरी जाणतो. लोहाचे माप रक्ताची तपासणी सांगते.