बिट्टीचे फूल देवाला, फळ कचऱ्यात

इथे फिनिक्समध्ये कुंपणाला पिवळी कण्हेर अनेकांकडे आहे. थोड्या पाण्यावर, कडक उन्हातही ती फुलते. ही आपली बिट्टीच. लहानपणी हिच्या बियांनी आपण खेळलो, म्हणून हिची भीती वाटत नाही.

पण हिचे पान, फूल, चीक सगळे विषारी. बी सर्वांत जास्त. हे विष डिगॉक्सिन या औषधासारखे हृदयावर काम करते. उलट्या होतात, नाडी मंदावते, ठोके चुकतात. जे ज्येष्ठ आधीच डिगॉक्सिन घेतात, त्यांना धोका अधिक. उकळून किंवा वाळवून विष जात नाही.

डॉक्टर म्हणून माझी विनंती एवढीच: फुले देवाला वाहा, पण तीर्थात, नैवेद्याच्या ताटात नकोत. फुले तोडल्यावर हात धुवा. नातवंडे यायच्या आधी खाली पडलेली फळे वेचून टाका. कुणी बी चावलीच, तर त्रास सुरू होण्याची वाट पाहू नका, मीठपाणी पाजून उलटी काढू नका. लगेच १-८००-२२२-१२२२ या विषबाधा मदत क्रमांकावर फोन करा. शुद्ध हरपली तर ९११.

ज्यांना वाकवत नाही, त्यांनी मंदिराच्या कार्यालयात नाव द्यावे. फळे वेचायला तरुण मंडळींनी एक शनिवार द्यावा. हीसुद्धा सेवाच आहे.