दृष्टी, कायदा आणि आपण



फळ्यावरचे अक्षर न दिसणारे मूल बहुधा तशी तक्रार करीत नाही. सर्वांनाच जग असे धूसर दिसते, अशी त्याची समजूत असते. ते मागे पडते, बोलणी खाते, आणि आपण त्याला मठ्ठ ठरवून मोकळे होतो. पुष्कळदा त्याला हवा असतो तो एक चष्मा. पण नंबर काढावा कोणाकडे? तपासणारा शिकलेला आहे की नाही, हे ओळखावे कसे?

यासाठी तिघांतील फरक समजून घेतला पाहिजे. नेत्रतज्ज्ञ हा वैद्यकीय डॉक्टर. औषधोपचार व शस्त्रक्रिया त्याच्याकडे. ऑप्टोमेट्रिस्ट चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम करतो, त्यातील एक वर्ष प्रत्यक्ष कामाचे. तो नंबर काढतो, तिरळेपणा तपासतो आणि रोगाची चिन्हे दिसताच रुग्णाला डॉक्टरकडे धाडतो. ऑप्टिशियन मात्र लिहून दिलेल्या नंबराप्रमाणे चष्मा तयार करून देतो.

आता कायद्याकडे वळू. १९५८ साली ब्रिटनने ऑप्टिशियन कायदा केला व नोंदणीसाठी परिषद नेमली. त्याच वर्षी आपल्याकडे अलीगढ व हैदराबाद येथे ऑप्टोमेट्रीचे शिक्षण सुरू झाले. शिक्षण आले, पण या व्यवसायाला देशव्यापी कायदा मिळण्यास २०२१ साल उजाडले. त्या वर्षी संसदेने संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा संमत केला. त्याच्या परिशिष्टात ऑप्टोमेट्रिस्टचा समावेश आहे. शिक्षणाचा किमान दर्जा, केंद्र व राज्य पातळीवरील नोंदवही, आणि व्यावसायिक आचारसंहिता अशी त्याची मांडणी आहे. तथापि कायदा कागदावर राहू नये म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना मुदत घालून द्यावी लागली.

काहीजण विचारतील, अधिकारांची एवढी काटेकोर वाटणी कशाला? उत्तर सोपे आहे. स्टेरॉइडचे थेंब मनाने महिनोन्महिने घातले, तर डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, आणि काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. म्हणून मर्यादा हवी. पण नंबर काढण्यासारख्या कामासाठीही प्रत्येकाने शहरातल्या डॉक्टरचीच वाट पाहावी, असे म्हटले तर खेड्यातला मनुष्य तपासणीवाचूनच राहील. मर्यादा आणि सोय या दोहोंचा तोल साधणे, हेच अशा कायद्याचे खरे काम होय.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार जगात किमान २२० कोटी लोकांना दृष्टिदोष आहे, आणि त्यांपैकी किमान १०० कोटींचा दोष टाळता आला असता किंवा अद्याप त्यावर उपाय झालेला नाही. त्या १०० कोटींत जरीकाम करता करता सुईत दोरा ओवता न येणाऱ्या आपल्या मायभगिनीही आहेत.

तेव्हा माझे मागणे तीन गोष्टींचे. शाळेत दरवर्षी प्रत्येक मुलाची नेत्रतपासणी व्हावी. चष्मा लागलेल्या मुलीचे लग्न कसे जमेल, या धास्तीने तिचा चष्मा पेटीत ठेवू नये. आणि तपासणाऱ्याला त्याची पदवी व नोंदणी विचारण्यात कोणी संकोच करू नये. शिवाय विज्ञान शाखेच्या मुलामुलींनी हा व्यवसाय अवश्य विचारात घ्यावा. कायद्याने दार उघडले आहे. आत जाण्यास माणसे आपल्यालाच घडवावी लागतील.