खंडेराव गेटच्या आत



झाशी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर घोडा, तलवार आणि पाठीशी बांधलेलं मूल येतं. तिथे बिऱ्हाड करायला गेलेल्या माणसाला मात्र आधी भेटतं ते ऊन, मग पाण्याची टंचाई, आणि राणीची गाठ पडते ती चौकातल्या पुतळ्यापाशी, रिक्षाचं भाडं ठरवताना. माझ्या नवऱ्याची रेल्वेची नोकरी, त्यामुळे काही वर्षं आम्ही झाशीत होतो. आज मी राणीबद्दल थोडं आणि शेजाऱ्यांबद्दल जास्त बोलणार आहे. परक्या गावात माणसं कशी मिळतात, हा विषय.

झाशीच्या जुन्या शहराला तट होता. त्याचे दरवाजे अजून पत्त्यांतून जिवंत आहेत. दतिया, ओरछा, उन्नाव, सागर, भांडेर. बहुतेक नावं त्या त्या गावाच्या वाटेवरून पडलेली. खंडेराव गेट मात्र माणसाच्या नावाचं. देवाच्या म्हणा हवं तर. ऐन बुंदेलखंडात अशी पाटी वाचली की मराठी माणसाला वाटतं, आलो आपण आपल्या माणसांत. आम्ही खोली त्याच दरवाजाच्या आत घेतली, त्यात या नावाचा थोडा हात होताच. रेल्वेचं क्वार्टर मिळायला वेळ होता.

मराठी माणूस तिथे काही काल-परवा गेलेला नाही. १७४२च्या सुमाराला पेशव्यांनी नारो शंकर यांना तिकडे पाठवलं. नाशिकला गोदाकाठी ज्यांच्या नावाचं देऊळ आहे, तेच हे नारोशंकर. त्यांनी किल्ला वाढवला, त्या भागाला शंकरगढ म्हणतात. किल्ल्याखाली वस्ती वसवली. पुढे नेवाळकर आले, म्हणजे राणीचं सासर. मूळचे रत्नागिरीकडच्या कोट गावचे, मधे खानदेशात पारोळ्याला स्थिरावलेले. त्यांच्या मागोमाग कारकून, भिक्षुक, शिलेदार, आचारी. या सगळ्यांना तिथले लोक 'दक्षिणी' म्हणत. गंगाधरराव आणि लक्ष्मीबाई यांचं लग्न १८४२ साली ज्या गणेश मंदिरात झालं, ते मंदिर आजही आहे. गणपतीच्या दिवसांत तिथे आरतीला उभं राहिलं, की शेजारची बाई कोणत्या पिढीत इकडे आली हे विचारल्याशिवाय कळत नाही. बोलली की कळतं, कारण ती म्हणते, "मी तुम्हाला मिळायला येईन."

तिथे माझं मन रमलं, खोटं कशाला बोलू? पुरणपोळीची आठवण काढायला, मुलांच्या शाळेची चौकशी करायला, दवाखाना कोणता बरा हे विचारायला तीच माणसं उपयोगी पडली. पण महिन्यातून एकदा मंदिरात भेटणारी माणसं आणि गल्लीत रोज तोंड दाखवणारी माणसं, यांत फरक असतो. परदेशी गेलेल्या आपल्या लोकांचं मी पाहते. महाराष्ट्र मंडळ सापडलं की ते निर्धास्त होतात, आणि मग वर्षानुवर्षं त्या गावात राहूनही त्या गावचे होत नाहीत. मंडळ वाईट नव्हे. ते उतारूसाठी धर्मशाळेसारखं असतं, आणि धर्मशाळेत कुणी जन्म काढत नाही.

या बाबतीत मला विष्णुभट गोडसे आठवतात. पेणजवळच्या वरसईचे हे भटजी. घरात कर्ज, म्हणून १८५७ साली काकांबरोबर उत्तरेला निघाले. मथुरेला बायजाबाई शिंदे यज्ञ करणार आहेत, दक्षिणा बरी मिळेल, या आशेने. वाटेत बंडाची धामधूम सुरू झाली आणि फिरत फिरत ते झाशीत पोहोचले. त्यांचा 'माझा प्रवास' चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली छापला. आपण तो राणीसाठी वाचतो. मी झाशीत असताना तो निराळ्या कारणासाठी वाचला: हा कोकणातला माणूस तिथे कुणाच्या आधाराने राहिला? तर दक्षिणी मंडळींच्या. उतरायला त्यांचेच वाडे, पंगती त्यांच्याच, आणि वर दरबारची दक्षिणा. सगळी सोय होती, म्हणून भटजींचा वावरही बहुतेक तेवढ्यातच.

मग मार्च १८५८मध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोजचा वेढा पडला, एप्रिलच्या सुरुवातीला शहर पडलं, कत्तल आणि लूट झाली. भटजी जीव वाचवून निघाले. काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांना राणी भेटली, पठाणी वेशात, धुळीने माखलेली, तहानलेली. भटजी पाणी काढून द्यायला सरसावले, तर तिने नको म्हटलं. तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही माझ्यासाठी काढू नका, मीच काढते, अशा अर्थाचं बोलली आणि स्वतः भांडं विहिरीत सोडलं. शाळेत हा प्रसंग राणीचा मोठेपणा म्हणून सांगतात. मला त्यात आणखी एक दिसतं. वाड्यात देणारी ती होती आणि घेणारे हे. विहिरीवर दोघंही एकाच गावातून परागंदा झालेले, एकाच दोरीपाशी उभे. त्या पुस्तकात राणी माणूस म्हणून मला सर्वांत जवळून भेटते ती तिथे.

आता आमच्या गल्लीत येते. तिथेही मामला पाण्याचाच होता. नळाला पाणी पहाटे यायचं, कधी यायचं ते नळच जाणे, आणि साऱ्या बायका बादल्या घेऊन ओट्यावर बसून असायच्या. मे महिन्यात तिथे पारा पंचेचाळिशीला जातो, तेव्हा झोपेपेक्षा बादली महत्त्वाची. मी आपली मध्यमवर्गीय मराठी शिस्तीची. कुणाचं काही घ्यायचं नाही, कुणाला त्रास द्यायचा नाही. सगळ्या माझ्याशी फार गोड बोलत. चहाला बोलावत, खुर्ची पुढे करत, स्वतः खाली बसत. म्हणजे मी पाहुणी होते आणि पाहुणीच राहणार होते.

हे बदललं ते विरजणामुळे. उन्हाने माझं दही नासलं, म्हणून घरमालकिणीकडे वाटी घेऊन गेले. आम्ही सगळे त्यांना अम्माजी म्हणायचो. विरजण देता देता त्यांनी विचारलं, तुमच्याकडे कढीलिंब आहे का? माझ्या कुंडीत होता. दुसऱ्या दिवशी त्यांची सून थेट स्वयंपाकघरात आली, खुर्चीची वाट न बघता. त्यानंतर मला 'आप' म्हणणं बंद झालं. माझ्या मते परक्या गावात आधी द्यायला जाऊ नये, आधी मागायला जावं. देणाऱ्यापुढे लोक अवघडतात. मागणाऱ्याचं त्यांना काही वाटत नाही, उलट आपणही मागायला मोकळे झालो म्हणून ते सैलावतात.

पुढचं मुलीने केलं. आश्विनात तिथल्या मुली नौरता खेळतात. भिंतीवर सुआटा नावाच्या राक्षसाची मातीची आकृती करायची, समोर रंगीत चौक काढायचे आणि नवरात्रभर सकाळी गाणी म्हणायची. अम्माजींच्या नातींनी माझ्या मुलीला ओढून नेलं. संध्याकाळी मी पाटावर हत्ती काढून भोंडला मांडला, तर त्याच पोरी फेर धरायला हजर. गाणी कळत नव्हती, पण खिरापत ओळखण्यात त्यांनी आमच्या मंदिरातल्या मराठी मुलींना हरवलं. संक्रांतीला मी तिळगूळ वाटला. त्यांनी मला गडिया-घुल्ला दिले, म्हणजे साखरेचे घोडे आणि खेळणी. आपल्या हलव्याची ही बुंदेली चुलत भावंडंच. मुलीने घोड्याचं डोकं आधी खाल्लं, यावर गल्लीत दोन दिवस चर्चा झाली.

हे झाशीपुरतंच नाही. माझी भाची स्पेनमध्ये वॅलेन्सियाला नोकरी करते. तिची तक्रार अशी, की तिथे बारमध्ये, चौकात सगळे हसून बोलतात, पण घरी कुणी बोलावत नाही. शाळेपासूनचे मित्र जन्मभर तेच. बास्क भागात तर अशा टोळक्याला 'क्वाद्रिया' असं नावच आहे, आणि त्यात मधेच शिरणं कठीण. तिनेही सुरुवातीला भारतीयांचा गट धरला, मग भाषेची देवाणघेवाण करायच्या बैठका. अर्धा तास तू स्पॅनिश बोल, अर्धा तास मी इंग्रजी. ओळखी झाल्या, मैत्री नाही. तिथे मार्चमध्ये फायास नावाचा उत्सव असतो. गल्लोगल्ली त्याची मंडळं, वर्षभर वर्गणी, प्रचंड पुतळे उभारायचे आणि १९ मार्चच्या रात्री जाळून टाकायचे. पुण्यात वाढलेल्या मुलीला यात नवीन ते काय? तिने आपल्या गल्लीच्या मंडळाची वर्गणी भरली. रस्त्यावर चुली मांडून पाएया, म्हणजे तिथला भात, करतात, तेव्हा तिला शेंगा निवडायला बसवलं. शेजारच्या आजीबाईंनी तिच्या हातातली शेंग काढून घेतली आणि असं नाही, असं, म्हणून दाखवलं. भाची मला फोनवर म्हणाली, "मावशी, आज पहिल्यांदा मला कुणीतरी रागावलं!" किती आनंदात होती.

मध्यंतरी अम्माजींची सून उपचारासाठी पुण्याला आमच्याकडे आली होती. आमची इमारत सात मजल्यांची, दारं बंद, जिन्यात भेट झालीच तर मान हलवायची. पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं, इथे पहाटे बायका जमतात कुठे? मी म्हटलं, कुठेच नाही, नळाला चोवीस तास पाणी असतं. तिला माझी दया आली असावी. मी दुपारी जरा पडले, उठून बघते तर ओट्यावर दही विरजलेलं. विरजण तिने तिसऱ्या मजल्यावरून आणलं होतं, आणि त्या बाई संध्याकाळी आमच्याकडे कढीलिंब न्यायला येणार होत्या. मी विचारलं, कोण गं त्या? तिने त्यांचं नाव, माहेर आणि गुडघ्याचं दुखणं सगळं सांगितलं.