रिकामी चौकट काय सांगते?

(परतूर येथे वस्तीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दिवाळीच्या आगेमागे परतूर-मंठा भागातली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला जातात, ती मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. त्यांच्या कागदपत्रांची चौकशी करायला आपल्या हाती थोडेच महिने असतात. त्यात नोंद चुकली, तर एखाद्या मुलाचा जातीचा दाखला वर्षभर लांबतो आणि त्याबरोबर शिष्यवृत्तीही. म्हणून आज संगणकातल्या आपल्या यादीविषयी बोलू या.

एक्सेलमध्ये माहिती टाइप न करता निवडून भरण्याची साधने आहेत: खाली उघडणारी यादी म्हणजे ड्रॉपडाउन, टिक करायची चौकट म्हणजे चेकबॉक्स, आणि अनेकांतून एकच निवडायचे गोल बटण. कुठे काय वापरावे? स्वतःला एकच प्रश्न विचारा: काहीच निवडले नाही, तर वाचणारा त्याचा अर्थ काय घेईल?

चेकबॉक्सला दोनच गोष्टी सांगता येतात, होय आणि नाही. ब्लँकेट वाटपाच्या दिवशी तो उत्तम. टिक आहे म्हणजे दिले, नाही म्हणजे द्यायचे राहिले. पण ‘जातीचा दाखला आहे का?’ या रकान्यात तोच चेकबॉक्स घात करतो. टिक नाही म्हणजे दाखला नाही, की त्या दिवशी घरी कोणी नव्हते म्हणून विचारलेच नाही? दोन्ही चौकटी सारख्याच रिकाम्या दिसतात. एका घरी अर्ज घेऊन जायचे आहे, दुसऱ्या घरी आधी नुसती चौकशी करायची आहे. अशा ठिकाणी ड्रॉपडाउनच हवा, चार पर्यायांचा: ‘आहे’, ‘नाही’, ‘अर्ज केला’, ‘विचारायचे आहे’.

जमातीच्या रकान्यातही ड्रॉपडाउनच ठेवा. राज्याच्या अनुसूचित जमातींच्या यादीत पारधी या नोंदीखाली फासे पारधी, टाकणकर अशी नावे येतात. कोणी ‘फासेपारधी’ लिहितो, कोणी ‘फांसे पारधी’. माणसाला ते एकच वाटते. संगणक दोन वेगळ्या जमाती मोजतो. फासे पारधी कुटुंबे शोधायला गेलो, की काही घरे गळतात. शासकीय यादीतले शब्द जसेच्या तसे ड्रॉपडाउनमध्ये घाला.

हे करायला प्रोग्रामिंग लागत नाही. रकाना निवडा, ‘डेटा’ मध्ये जाऊन ‘डेटा व्हॅलिडेशन’ उघडा आणि ‘लिस्ट’ निवडा. ही यादी मोबाइलवरही उघडते. यादीबाहेरचा शब्द टाइप केला, तर एक्सेल अडवते. मात्र दुसरीकडून कॉपी करून चिकटवलेला मजकूर अडत नाही, म्हणून चिकटवणे टाळा.

‘डेव्हलपर’ टॅबमध्ये आणखी दोन प्रकार दिसतील: फॉर्म कंट्रोल आणि ॲक्टिव्हएक्स. ॲक्टिव्हएक्स फक्त विंडोजवर चालते. मॅकवर आणि मोबाइलवर नाही. ऑफिस २०२४ मध्ये तर मायक्रोसॉफ्टने ते मुळातच बंद ठेवले आहे. आपल्या कामाला ते नको. फॉर्म कंट्रोल तुलनेने साधे आहेत, पण तेही घरात, म्हणजे सेलमध्ये, राहत नाहीत, तक्त्यावर तरंगतात. यादी गावाप्रमाणे लावली, की ओळी हलतात, बटणे मात्र जुन्याच सेलला जोडलेली राहतात. मग एका कुटुंबाची टिक दुसऱ्याच्या नावावर जाते. गोल बटणांचे आणखी एक आहे: वेगळी ग्रुप चौकट काढली नाही, तर त्या पानावरची सगळी बटणे मिळून एकच प्रश्न ठरतो. साठ कुटुंबांच्या यादीत हे जमायचे नाही. ही बटणे एकाच कुटुंबाच्या एका पानी फॉर्मवर शोभतात.

तेव्हा यादीसाठी सेलमधला ड्रॉपडाउन, वाटपाच्या दिवशी चेकबॉक्स, आणि एका पानाच्या फॉर्मवर गोल बटण, एवढे ठरवून घ्या.

या आठवड्यात वस्तीवर जाण्याआधी प्रत्येकाने आपापली यादी उघडावी. जिथे जिथे चौकट रिकामी आहे, तिथे ‘नाही’ की ‘विचारायचे आहे’ हे ठरवावे. जे ठरवता येणार नाही, ते घर पहिले. ऊसतोडीची गाडी लागायच्या आत तिथे पोहोचायचे आहे.